बारा सत्तेचाळीस

हे प्रकरण आठवण्यासाठी मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. माझ्या नोकरीत याहून मोठे गुन्हे झाले, खून झाले, दंगे झाले. त्यांतले बरेच तपशील आता पुसट झाले आहेत. हे मात्र नाही.

भाषावार रचनेत राज्य नव्याने जोडले गेल्यानंतरची ती वर्षे होती. बेंगळुरात सरकारी कारखाने उभे राहत होते आणि बेळगाव, निपाणीकडची मॅट्रिक झालेली मुले एक पिशवी घेऊन शहरात उतरत होती. मी नुकताच सब-इन्स्पेक्टर झालो होतो. माझे वडील शिंपी होते, लष्करी गणवेश शिवायचे. आमच्या सगळ्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नसे. आमची घरची भाषा मराठी. पण शाळा कन्नड, बाजार कन्नड, ठाणेही कन्नड.

एका सोमवारी सकाळी, बाहेरगावची पोरे उतरत त्या लॉजच्या बाजूला चहा विकणारा आमचा खबऱ्या आला. "सार, एक्स्चेंजची कार्डं विकली जातायत," तो म्हणाला. "पोरं कार्ड विकतात, मग 'हरवलं' म्हणून तुमच्याकडनंच दाखला घेतात, दुसरं कार्ड काढतात. एकाच नंबरावर दोघं कामाला."

त्या काळी सरकारी नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवावे लागे. तिथून एक कार्ड मिळे, त्यावर नंबर. मुलाखतीला ते कार्ड दाखवल्याशिवाय कोणी आत घेत नसे.

त्याच दिवशी दुपारी एक तरुण ठाण्यात आला. एकवीस-बावीसचा, निपाणीकडचा. शर्टाला इस्त्री होती, पायात चपला धड नव्हत्या.

"साहेब, बसस्टँडवर पिशवी गेली. कार्ड त्यातच हुतं. गुरुवारी मुलाखत हाय. दाखला दिला तर उद्या दुसरं काढीन."

"नंबर?"

"बारा सत्तेचाळीस," तो एका दमात म्हणाला.

आमचे हेड कॉन्स्टेबल वयस्क होते, मिश्कीलही. ते हसले. "एवढा पाठ? मंत्र आहे काय रे हा?"

मी तक्रार लिहून घेतली, कन्नडमध्ये, आकडेही कन्नड. त्याला कन्नड वाचता येत नव्हते. मी बोट ठेवले तिथे त्याने मराठीत सही केली. मग मी नंबर एका चिठ्ठीवर उतरवला आणि चौकशीसाठी एक शिपाई एक्स्चेंजकडे पाठवला.

मंगळवारी दुपारी शिपाई परत आला. हा नंबर या इसमाचा नाही, आनेकल गावच्या दुसऱ्याच कोणाचा आहे, असे तिथल्या कारकुनाने तोंडी सांगितले होते. लेखी उत्तर मागाहून येणार होते. नावावरून शोधता येत नाही, कारण त्या नावाचे चौघे आहेत, असेही तो म्हणाला होता.

मला एवढे पुरेसे वाटले. दाखल्यासाठी बाकावर वाट पाहत बसलेल्या त्या मुलाला मी तिथूनच उठवून कोठडीत घातले. तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. बुधवारी मॅजिस्ट्रेटसमोर उभे करून दोन दिवसांचा रिमांड घेतला.

त्या वेळी माझा एक सिद्धांत होता आणि तो मला फार हुशारीचा वाटत होता. स्वतःचा नंबर कोण पाठ करतो? बुधवारी मी तो उतरला होता त्या लॉजवर जाऊन बारा-तेरा पोरांना त्यांचे नंबर विचारले. एकालाही सांगता आला नाही. सगळे म्हणाले, "कार्डावर आहे की." घरी विचारले, तर माझ्या धाकट्या भावाने कार्ड कुठे ठेवले तेच आईला विचारले. मी म्हटले, ज्याचा नंबर आहे त्याला तो पाठ करायची गरज नसते. पाठ करतो तो चोर.

चौकशीत मी त्याला पुन्हा पुन्हा नंबर म्हणायला लावला. दर वेळी तेच, "बारा सत्तेचाळीस." कुठे अडखळला नाही. त्याचे न अडखळणेच मला खटकत होते.

"कोणी पाठ करून घेतला? कोणाकडून घेतलंस कार्ड?"

"कुणाकडनं न्हाई साहेब. माझाच नंबर हाय."

"मग पाठ कशाला केलास?"

"माझ्या नावाचे अजून हाईत साहेब. आमच्या गल्लीतच दोघं हाईत. नंबर तेवढा माझ्या एकट्याचा."

मला ते उत्तर पढवलेले वाटले. मी त्याच्या कानाखाली मारली. तो रडला नाही. त्याने फक्त विचारले, "गुरुवारी सकाळी नऊला सोडाल का?"

गुरुवारी अकराच्या सुमारास एक्स्चेंजचे लेखी उत्तर आले, इंग्रजीत टाइप केलेले. आता हा फुटणार या खात्रीने मी तो कागद त्याच्या नाकासमोर धरला. "मॅट्रिक आहेस ना? वाच."

तो वाचू लागला. "वन, टू, सेव्हन, फोर..." मग थांबून त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, हा कुणाचा?"

"तुझा!"

"माझा कसा? हा बारा चौऱ्याहत्तर हाय. मी बारा सत्तेचाळीस सांगितला हुता."

हेड कॉन्स्टेबलांनी कान टवकारले. त्यांना मराठी स्वल्प येत असे. मी तक्रार काढली. माझ्या अक्षरात बारा चौऱ्याहत्तर होते.

कसे झाले ते मला उभ्या उभ्या कळले. कन्नडमध्ये आधी चाळीस म्हणतात, मग सात. ऐकू येईल त्या क्रमाने आकडे मांडायची माझ्या हाताला शाळेपासून सवय. मराठीत सात आधी येतो. 'सत्ते' ऐकले, सात लिहिला. 'चाळीस' ऐकले, चार लिहिला. तीन दिवस तो मला बरोबर नंबर सांगत होता आणि तीन दिवस मी तो एकदाही लिहिलेल्याशी ताडून पाहिला नव्हता. का पाहीन? लिहिणारा मी होतो.

त्याला जीपमध्ये घालून मी मुलाखत होती त्या कारखान्यावर नेले. गेटवरचा रखवालदार म्हणाला, "मुगीतु सार. संपलं. साहेब लोक गेले." आत जाऊन मी बोललो. यादी बंद झाली होती. परत येताना मी त्याच्याकडे पाहिले. इस्त्रीचा शर्ट तीन दिवसांत चुरगळून गेला होता.

ठाण्यात इन्स्पेक्टर साहेबांनी सगळे ऐकून घेतले. "बी.ए. झालेला माणूस नंबर उलटा लिहितो, हे वर कळवायचंय का तुला?" त्यांनी विचारले. "'फिर्यादीने नंबर चुकीचा सांगितला, गैरसमजातून अटक' असं लिही आणि सोड त्याला."

मी तसेच लिहिले. बाहेर पडताना त्याने मला नमस्कार केला. त्याला वाटले, मी त्याची सुटका केली.

वर्षभरात दुसऱ्या एका सरकारी खात्याकडून त्याच्या नावाचा पोलीस चौकशीचा फॉर्म आमच्या ठाण्यात आला. निवड झाली होती. चारित्र्याबद्दल शेरा तेवढा हवा होता. हेड कॉन्स्टेबलांनी नोंदवही पाहून शेरा तयार केला : 'कार्ड प्रकरणी अटक. नंबर चुकीचा सांगितला.' कागद माझ्यापुढे ठेवून ते सहीसाठी उभे राहिले. बदलायचे तर खरे काय ते लिहावे लागले असते, आणि खोटी नोंद कोणी केली तेही.

"सरी, ठीक आहे, ठेवा," मी म्हणालो आणि सही केली. त्याला ती नोकरी मिळाली नाही. पुढे त्याचे काय झाले, मला माहीत नाही. मी शोध घेतला नाही. शोध घेणे हा माझा पेशा होता.

या प्रकरणाने मला शिकवले ते इतकेच : माझ्यासमोर बसलेल्या कोणत्याही माणसाचा जबाब, त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्याशिवाय मी पुन्हा कधी सही घेतली नाही. तरुण अधिकाऱ्यांनाही मी तेच सांगत आलो. त्याचे कारण मात्र कोणाला सांगितले नव्हते.

मला पेन्शन घेताना माझा नंबर पुस्तक काढून बघावा लागतो. खिडकीतली मुलगी हसते, "अण्णा, अजून पाठ नाही?"

पाठ आहे तो दुसऱ्याचा. बारा सत्तेचाळीस. मनात म्हणतो तेव्हा आता सात आधीच येतो, आणि लिहितो तेव्हा चार आधी.