आत्याची मोजणी

आत्याने सूड घेतला, आणि मोजून घेतला. कुणी विचारलं तर "मी फक्त माझं काम केलं" म्हणते. तिच्या साळसूद चेहऱ्यावर जाऊ नका.

आत्या एका मोठ्या संगणक कंपनीत पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचं खातं सांभाळते. खातं म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि कोपऱ्यात सुकत चाललेली कुंडी. कंपनीचे सर्व्हर दिवसरात्र किती वीज खातात, बाद लॅपटॉप कुठे जातात, आणि भरपाई म्हणून लावलेली रोपं किती जगली, हे दरवर्षी अहवालात लिहायचं. रोपं मोजायला ती स्वतः माळावर जाते. खोडाची साल नखाने खरवडायची. आत हिरवं असलं तर जिवंत, नाहीतर काटकी. ऑफिसात तिला 'झाडवाली' म्हणतात. म्हणोत बापडे.

तीन वर्षांपूर्वी चार हजारांपैकी सहाशे अकरा रोपं जिवंत आहेत, असं तिने सही करून दिलं. तिच्या साहेबांनी सहीच्या वरचा आकडा परस्पर छत्तीसशे केला. बाहेरून आलेल्या तपासनिसाने ते पकडलं, तर साहेब हात झटकून मोकळे. "मॅडमची मोजणी चुकली." नोकरी हवी तर माफी माग, असं सांगून तिला चाळीस माणसांपुढे उभं केलं. वर फाइलीत ताकीदपत्र. चोर तो चोर, वर शिरजोर!

त्या पत्राची प्रत घरी आली आणि नेमकी आजोबांच्या हाती पडली. आजोबांचा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला. "मोजणाऱ्याने खोटं लिहू नये," एवढंच बोलले. आत्याने परोपरीने सांगून पाहिलं, पण सही तिची होती, आणि आजोबा सहीपुढे कुणाचं ऐकत नाहीत. तेव्हापासून रोज सकाळी आत्या त्यांच्या गोळ्या वाटीत काढून द्यायची आणि ते तिच्यादेखत पुन्हा मोजायचे. सात गोळ्या, बोटाने एकेक सरकवत. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पण आपलेच दात, आपलेच ओठ. आत्या गोळ्यांची पाकिटं आवरायची. दाराआड जाऊन मात्र म्हणायची, "त्या माणसाला मी माळावर चालवीन."

यंदा नवी चार हजार रोपं होती. आत्याने मोजली, पाचशे चाळीस जिवंत. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"आकडा जरा बरा दिसू द्या, मॅडम. पस्तीसशे करा."

"सर, एवढा मोठा आकडा अध्यक्ष वाचणार," आत्या म्हणाली. "तिथे माझी सही कशाला? तुमच्या हातचा आकडा, खाली तुमची सही. बघा कसं उठून दिसेल."

साहेब फुलले. पुढ्यातल्या गठ्ठ्यात चौदाव्या पानावर आत्याचा खरा तक्ता होता, आणि एकोणिसाव्यावर तपासणीचा नियम: आकड्याखाली ज्याची सही, त्याने तपासनिसाबरोबर जागेवर चालायचं. साहेब पहिल्या पानापलीकडे काही वाचत नाहीत, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पहिल्या पानावर पस्तीसशे लिहून खाली झोकात सही ठोकली.

तपासणीच्या दिवशी आत्याला माळावर सोडायला मीच गेले, आणि परतायचं मनच होईना. साहेब चकचकीत बुटांत आले.

"मॅडम, तुम्ही फिरा यांच्याबरोबर," ते म्हणाले.

"सही तुमची आहे," तपासनीस म्हणाला. "चला."

पहिल्या ओळीतली बारा खोडं साहेबांनी स्वतः खरवडली. बाराही काटक्या. तिसऱ्या ओळीत शर्ट पाठीला चिकटला, सहाव्या ओळीत नखाखालून रक्त आलं. आत्या पाण्याची बाटली घेऊन मागे चालत होती. तिने ती पुढे केली नाही. मीही सुचवलं नाही.

"मोजणी यांची आहे!" साहेब शेवटी ओरडले.

"मोजणी माझीच. पान चौदा," आत्या म्हणाली. "आकडा तुमचा. पान एक."

तपासनिसाने दोन्ही पानं शेजारी धरली. मग जुन्या अहवालाचीही चौकशी लागली. पंधरवड्याने साहेब त्याच चाळीस जणांपुढे उभे राहिले आणि आत्याची माफी मागून ताकीदपत्र रद्द झाल्याचं त्यांनी वाचून दाखवलं. मध्ये त्यांचा आवाज बसला. "जरा मोठ्याने, सर," आत्या म्हणाली.

ते रद्दपत्र तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांपुढे गोळ्यांच्या वाटीशेजारी ठेवलं. आजोबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग वाटी उचलली आणि न मोजताच तोंडाकडे नेली.

आत्याने त्यांचा हात धरला. "नाही, बाबा. मोजा."

"अगं, कशाला आता?"

"मोजा. माझ्यासमोर."

आजोबांनी वाटी खाली ठेवली. एकेक गोळी सरकवत ते सातावर आले.

"बरोबर आहेत," ते म्हणाले.

"तीन वर्षं बरोबरच होत्या," आत्या म्हणाली.