गाणघराची भुई

कार्ल्याच्या धोंडाबाईला भाऊ एकच, बजरंग. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला कडेवर वाढवलं. म्हणून तिच्या ओव्यांत देवाच्याही आधी बजरंग यायचा. नवऱ्याचा नंबर फार मागं, तोही जागा उरली तर.

एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराला मुंबईच्या नवलकर साहेबांनी लोणावळ्यात, दरीच्या तोंडाशी, खास गाण्यासाठी घर बांधायला काढलं. एवढा पैसेवाला माणूस आणि भिंती कारवीच्या काड्यांना माती लिंपून केलेल्या कुडाच्या! लोक म्हणाले, साहेबाचं डोकं फिरलंय. साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. दगडी खोलीत आवाज आदळतो, माती-कारवी तो पोटात घेते. म्हणून फरशीही नको, चोपलेली भुईच हवी. तिथं मुकादम होता बजरंग. त्यानं बहिणीला कामावर बोलावलं.

धोंडाबाई शेजारची रतनबाई आणि आणखी चार बायका घेऊन गेली. बायका ओळीनं बसल्या, तिनं ओवी धरली आणि ओवीच्या ठेक्यावर लाकडी चोपणी पडू लागली.

भुई मी चोपते, भुई आरशावानी,
बंधू बजरंग माझा, दारी उभा राजावानी.

सगळ्यांचा घाव एकदम पडला की भुईला उंचवटा राहत नाही. साहेब हातचं काम टाकून ऐकत बसायचे. एक दिवस बजरंग म्हणाला, "आक्का, सायेबानं शबूद दिलाय. घर झालं की पयलं गाणं तुमा बायांचं. पावनं ऐकत बसणार."

"थट्टा करतूस व्हय रं?"

"तुजी आन."

मग काय, धोंडाबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. कार्ल्यात तिनं सांगितलं नाही असं घर उरलं नाही. रतनबाईचं ठेवणीतलं लुगडंसुद्धा तिनं मागून घेतलं.

घर पुरं झालं. पहिल्या गाण्याच्या दिवशी बायका चालत लोणावळ्याला पोचल्या. फाटकात बजरंग उभा होता, नवा कोट, डोक्याला जरीचा फेटा. मोटारीतून उतरलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "कोण रे या?"

बजरंगनं बहिणीकडं पाहिलं. तिच्या धुळीनं भरलेल्या अनवाणी पायांकडं पाहिलं.

"कुनी न्हाई, सायेब. कामावरच्या बाया. वाट चुकल्यात."

रतनबाई तोंड उघडणार, तोच धोंडाबाईनं तिचा हात दाबला आणि माघारी वळली. वाटेत ती भावाचीच बाजू घेत होती. "मोठ्यांचा शबूद म्हंजी अळवावरचं पानी. सायेबच फिरला आसंल. पोरगं काय करणार?"

आठवड्यानं नवलकर साहेब स्वतः कार्ल्याला तिच्या दारात आले. "बाई, तुमच्यासाठी पुढची जागा राखून ठेवली होती. सगळे वाट बघत होते. बजरंग म्हणाला, बहिणीला चारचौघांत यायची लाज वाटते."

धोंडाबाईनं साहेबांना बसायला घोंगडं टाकलं.

"व्हय सायेब," ती म्हणाली, "लाजच वाटली." कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

भाऊबीजेला बजरंग आला. तिनं ओवाळलं, जेवू घातलं, वाटेला लावलं. पुढं जन्मभर ती जात्यावर भुईचीच ओवी म्हणायची. पहिली ओळ झाली की गप्प व्हायची, आणि दुसऱ्या ओळीच्या जागी नुसतं जातं फिरायचं.