ड्रायव्हरच्या पाठीमागचा सिनेमा

कोकणात उतरणाऱ्या आमच्या बसमध्ये भरदुपारी सिनेमा लावला होता. सहलीला निघालेल्या मित्रांची गाडी घाटात वाट चुकते, असा. आमचाही घाट सुरू झाला होता, पण खिडकीबाहेर कुणीच बघत नव्हतं. शेजारच्या काकू पडद्यावरची दरी बघत चिवडा खात होत्या. दुसऱ्याची सहल फसताना पाहिली की आपली सीट जास्त मऊ लागते की काय, कोण जाणे.

पडदा ड्रायव्हरच्या डोक्यामागे होता. सगळ्या किंकाळ्या पाठीवर घेत ते शांतपणे वळणं कापत होते.

सिनेमा संपला आणि बस चहाला थांबली. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला दचकायला नाही होत?"

"सवय झाली. रोज हाच लावतात. मी कधी पाहिला नाही, नुसता ऐकतो." बशीत चहा ओतता ओतता ते थांबले. "शेवटी सगळे गप्पच होतात, नुसतं म्युझिक वाजतं. साहेब, पोचतात का हो ती पोरं घरी?"

त्यांतलं एकही पोचत नाही, हे मी आत्ताच पाहिलं होतं. आणि आमचा अर्धा घाट अजून उरला होता.

"पोचतात की," मी म्हणालो. "सगळी पोचतात."