भोंग्याचा चढा आवाज

घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या इसमाला सगळे भोंग्या म्हणत. टोमॅटोच्या क्रेटवर उभं राहून त्याने भाव पुकारला की फाटकाबाहेर ट्रक धुणारा माणूसही दचकून बोली लावायचा. आवाज सोडला तर देवाने त्याला फारसं काही दिलं नव्हतं. थोडी अक्कल दिली होती, ती तो न वापरता जपून ठेवी.

गळ्यावर लिंबाएवढी गाठ आली. "ओरडून ओरडून कमावलीय," तो कौतुकाने सांगे, "पैलवानाच्या दंडासारखी!" गाठ श्वासनलिका दाबू लागली, बोली अर्ध्यावर अडकू लागली, तेव्हा थोरल्या बहिणीने त्याला बखोट धरून सर्जनकडे नेलं.

सर्जनने कागदावर फुलपाखरू काढलं. "ही थायरॉइड ग्रंथी. कंठमण्याखाली, श्वासनलिकेला बिलगलेली. मागून दोन्ही बाजूंनी स्वरयंत्राकडे एकेक नस जाते. ती दुखावली की आवाज बसतो, म्हणून तिला आम्ही जपतोच. पण वरच्या टोकाशी आणखी एक असते, केसासारखी. आवाज चढतो तो तिच्यामुळे. चटकन दिसत नाही. आवाजावर पोट असेल तर ती शोधायला खास यंत्र लावतो. काम काय करता?"

भोंग्याने इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "व्यापारी."

"अहो डॉक्टर, हा..." ताईने तोंड उघडलं.

"ताई, तू बाहेर बस. हिला ना, कापाकापीचं ऐकवत नाही."

"मर मेल्या," म्हणून ताई तरातरा बाहेर गेली.

खास यंत्र न लावताच गाठ निघाली. भोंग्या शुद्धीवर येताच सर्जन त्याला म्हणाला, "काहीतरी बोला."

"पाणी."

"वा! आवाज शाबूत!" सर्जन खूश होऊन पुढच्या खाटेकडे वळला.

जखम भरल्यावर भोंग्या क्रेटवर चढला. पहिला भाव नीट पुकारला गेला. बोली चढली तसा तोही आवाज चढवायला गेला आणि कोंबडीच्या पिल्लासारखा चिरकला. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. मागची गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली आणि शेजारच्या लिलावाकडे सरकली.

"उतर खाली," सोबत आलेली ताई पदर खोचत म्हणाली. "टोमॅटो तुझ्या गळ्यासाठी थांबणार नाहीत."

"अगं, पण लोक काय..."

"लोक चाललेत, बघ तिकडे!"

ती चढली. त्याने खालून भाव सांगितला. तिला तो ऐकूच गेला नाही.

"मोठ्यानं बोल ना रे!" ताई भर बाजारात खेकसली.