कापून ठेवलेले श्वास

खामगावात माझी रेकॉर्डिंगची खोली होती. तिला मी स्टुडिओ म्हणायचो, बाकी सगळे 'ती गाद्यांची खोली' म्हणायचे. बाहेरच्या ऑटोंचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून पिंजाऱ्याकडच्या जुन्या गाद्या भिंतींना ठोकल्या होत्या. जिल्ह्यात कापूस शेतात धड टिकत नव्हता, माझ्या भिंतीवर मात्र सुखानं नांदत होता.

मला गाणी रेकॉर्ड करायची होती. आल्या बियाण्यांच्या जाहिराती. बीटी कपाशीचे दिवस होते. पेरणी जवळ आली की विक्रेते ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरवायचे आणि भोंग्यातला आवाज मी तयार करून द्यायचो. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची लाट दिसते. ती कापायची, जोडायची, हवी तिथे फुगवायची. सॉफ्टवेअर चोरीचं होतं, गर्व मात्र माझा स्वतःचा होता.

सगळ्यात जास्त चालायचा तो वरवट बकालकडच्या एका कोतवालकाकांचा आवाज. नोकरीतून ते निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी दवंडी दिली: ग्रामसभा, पोलिओचा डोस, कोणाची मयत. खोटी मयत त्यांनी कधी सांगितली नव्हती, त्यामुळे कोतवालानं सांगितलं की विषय संपायचा. विक्रेत्याला नेमकं तेच हवं होतं. काकांची अट एकच, "जे म्या पेरलं, तेच सांगीन."

पहिल्या वर्षी त्यांनी पेरलं होतं, फवारणी कमी लागली होती, बोंडं चांगली फुटली होती. ते त्यांनी माइकसमोर हात जोडून सांगितलं. काका, हात ऐकू येत नाहीत, असं मी म्हणालो, तरी जोडलेलेच. प्रत्येक वाक्यानंतर ते मोठा श्वास घ्यायचे. ते श्वास मी एकेक करून कापले, म्हणजे माझ्या मते आवाज शुद्ध केला. कापलेले तुकडे फेकले नाहीत. आमच्या घरात चिंधीसुद्धा फेकत नाहीत. त्यांचं वेगळं फोल्डर केलं.

काही वर्षांनी बीटीच्या बोंडातही गुलाबी अळी दिसू लागली. विक्रेता नवं वाण घेऊन आला, दोनशे सात. काका म्हणाले, "हे म्या पेरलं नाई. पेरतो, पाहतो, मंग सांगतो." म्हणजे एक वर्ष. विक्रेत्याच्या हातात आठ दिवस होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी संगणकाकडे.

मधल्या काळात ग्रामपंचायतीनंही काकांच्या दवंड्या माझ्याकडेच रेकॉर्ड केल्या होत्या. डोस घेतलेल्या दोनशे लेकरांतून 'दोनशे' घेतलं, ग्रामसभेच्या वेळेतून 'सात', आणि 'अळी येत नाई' पहिल्या जाहिरातीतून. पण जोड कानाला खटकत होते. तेव्हा मी ते फोल्डर उघडलं आणि प्रत्येक जोडावर काकांचा एकेक श्वास बसवला. वाक्य लगेच माणसाचं वाटायला लागलं. इतकं देखणं काम मी आधी केलं नव्हतं. लाज वाटली नाही, हे लिहून ठेवतो. भोंगा फिरला तो आठवडा काका डोणगावला लेकीकडे होते. तेही मला ठाऊक होतं.

पाकिटं भराभर खपली. दिवाळीनंतर बोंडं फोडून पाहिली तर आत अळी. विक्रेत्याला कोणी फारसं बोललं नाही, तो विक्रेताच होता. लोक काकांच्या दारात गेले. शेजारीण म्हणाली, "भाऊ, तुमी सांगतलं म्हून लावलं."

काका खामगावला आले. मी शिव्यांच्या तयारीत होतो. त्यांनी जाहिरात मागितली, हेडफोन लावून दोनदा ऐकली.

"श्वास तं मायाच हाय," ते म्हणाले. "मले वाटलं, बोललो अन् इसरलो का काय." मग म्हणाले, "काऊन केलं, बाप्पा?"

"घाई होती, काका."

उत्तर खरं होतं, म्हणून जास्तच वाईट होतं.

त्यांना तोच भोंगा आणि तीच गावं हवी होती. 'दोनशे सात म्या पेरलं नाई, अन् ते म्या सांगतलंबी नाई,' एवढंच त्यांनी रेकॉर्ड केलं. या वेळी मी एकही श्वास कापला नाही. ऑटोत त्यांच्या शेजारी मीही बसलो. बाजाराच्या गावी ऑटो उभा केला, भोंगा लावला. मिरच्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हे कोन्त्या कंपनीचं होय?"

लोक हसले. काका हसले नाहीत. भोंग्याकडे बघत राहिले, मग ऑटोवाल्याला म्हणाले, "बंद कर." ते खाली उतरले आणि त्या दिवसापासून घरोघर पायी जाऊन, समोर बसून सांगू लागले. त्यांचा हिवाळा त्यातच गेला.

मी जाहिराती सोडल्या असं सांगायला आवडलं असतं. सोडला तो काकांचा आवाज.

पुढे कितीतरी दिवसांनी ते एसटीनं आले, टोपी, उपरणं, हातात नातीच्या लग्नाची पत्रिका. उन्हानं चेहरा लाल झाला होता. मला अपराधी वाटलं, त्याहून जास्त आनंद झाला. त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं.

"एवढ्या उन्हात कशाला आलात, काका? फोन करायचा ना."

त्यांनी पाणी संपवलं, एक मोठा श्वास घेतला.

"फोनवर मीच बोलून राह्यलो, हे तुले कसं समजलं असतं?"