पाण्याची भाकर

हिवाळ्यात नाशिकची द्राक्षं सोडून यवतमाळला कोण जातं, असं माझ्या जावेनं मी बॅग भरत असताना विचारलं. जेवायला जातेय, असं मी सांगितलं. त्यावर ती जी हसायला लागली ती मी रिक्षात बसले तरी हसतच होती. तिचंही चुकत नाही. आमच्या घरात सगळ्यात अवघड पाहुणी मीच आहे.

मी वीगन आहे. म्हणजे मांस-मच्छी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मध यांतलंही काही खात नाही. मामाच्या गोठ्यात लहानपणी एक रेडकू पाहिलं होतं. नर म्हणून त्याच्या वाट्याला दूध आलं नाही आणि त्याची आई मात्र दोन्ही वेळ पिळली जायची. ते डोक्यातून गेलं नाही, एवढंच कारण. आमचा असा वीसेक जणांचा गट आहे आणि दर हिवाळ्यात आम्ही कुठेतरी फिरायला जातो. बहुतेक वेळा गोव्याला, कारण परदेशी पाहुण्यांमुळे तिथं आमच्यासारख्यांची सोय होते. यंदा मी हट्ट धरला की टिपेश्वरच्या जंगलात जाऊ. गटाचं सगळं ठरवते ती वंदना. ती म्हणाली, "आधी जेवणाची सोय करून दाखव, मग बोलू." जिभेचा तोरा मिरवायची मला सवय आहे, तेव्हा आता पायांना काम लावणं भाग होतं.

वर्ध्याला रेल्वेतून उतरून एसटी धरली. देवळी मागं पडली आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस दिसायला लागला. कापसाच्या गाड्या ठासून भरून जातात, त्यांतून निसटलेले पुंजके काट्यांना अडकून बसतात. दोन्ही अंगाला तुरीची शेतं होती, शेंगांनी वाकलेली. पुढे चढ लागला, हवा आणखी गार झाली आणि दुपारच्या आत मी यवतमाळात पोचले.

तिथं मला रऊफभाई भेटले. नाशिकच्या एका ओळखीच्या माणसानं त्यांचा नंबर दिला होता. स्वतःची जुनी गाडी, स्वतःच दुरुस्त करतात आणि स्वतःच चालवतात. मी काय शोधतेय ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, बकरा नाई खात, समजलं. पण दुधानं तुमचं काय बिघडवलं?"

त्या दिवशी आम्ही गावातली हॉटेलं पालथी घातली. पहिल्या ठिकाणी मालकांनी अभिमानानं पाटीकडे बोट दाखवलं, शुद्ध शाकाहारी. मी म्हटलं, दूधही नको. ते म्हणाले, मग पनीर टाकून देतो. पनीर दुधाचंच असतं, हे मी अगदी मऊ आवाजात सांगितलं. मग ते लोण्यावर आले, लोण्यावरून सायीवर. दुसऱ्या हॉटेलात आचाऱ्यानं मला कसला आजार आहे का याची चौकशी केली आणि पथ्याची मूगडाळ करून देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्या ठिकाणी मात्र एक समजूतदार गृहस्थ भेटले. आधी कळवलं तर सगळ्या भाज्या तेलात करून देतो, म्हणाले, पण डब्यात बांधून द्यायला त्यांच्याकडे माणसं नव्हती. आमची गरज नेमकी तीच होती. जंगलात दिवसभर काही मिळत नाही आणि परतीच्या गाडीतही नाही. एका ताटानं भागणार नव्हतं, शिदोरी हवी होती.

दुसऱ्या दिवशी रऊफभाई म्हणाले, वर्धा रोडवर पाहू, तुमचे लोक त्याच वाटेनं येणार. कळंबला पोचता पोचता गाडीचा पट्टा तुटला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. गाडी ढकलून एका झाडाखाली लावली, मला गणपतीचं दर्शन घेऊन यायला सांगितलं आणि ते पट्टा शोधायला गेले. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात आहे. आपण पायऱ्या उतरत जातो, आणि वरचा गलबला वरच राहतो. मी भाविक बाई नाही, तरी तिथं बरं वाटलं.

वर आले तर समोर एक खानावळ. पत्र्याची शेड, दोन बाकं, आणि ज्वारीची भाकरी थापत बसलेली एक साठीची बाई. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मी बसले आणि उगाच शब्द खर्च करायला नकोत म्हणून थेट म्हटलं, "मला वीगन जेवण मिळेल का?"

तिचा हात थांबला. तिनं देवळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, गणपतीच्या दारात इघ्न कायले मांगता?"

मला हसू आवरेना. विघ्नहर्त्याच्या दारात मी विघ्नाची थाळी मागत होते. तो शब्द मी तिथंच टाकून दिला आणि सरळ सांगितलं की दूध, दही, ताक, तूप काही चालत नाही, बाकी सगळं चालतं. तिला वाटलं माझा नवस आहे. चतुर्थीला उपासाचे पाहुणे तिच्याकडे येतात, तेव्हा वेगळी भांडी, वेगळं तेल हे सगळं तिच्या हातातलं होतं. फक्त उपासाला दूध-तूप चालतं आणि बाकी काही नाही, इथं सगळं त्याच्या उलट. "म्हंजे उलटा उपास," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत मला भेटलेल्या माणसांत हे सगळ्यात लवकर तिला समजलं.

तिचं नाव शोभाताई. रऊफभाई येईपर्यंत आम्ही बोलत बसलो. चतुर्थीला हात रिकामा नसतो, एरवी दिवसभर माश्या हाकायच्या, असं तिनं स्वतःच सांगितलं. मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणतो, बंद कर आणि ये माझ्याकडे. संक्रांतीपर्यंत बघू, असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली, मग अडचण काय, असं मी विचारलं.

"पोराच्या घरी मी पाहुणी," ती म्हणाली. "इथं पाहुणे माह्ये आहेत जी. थो फरक त्याले कसा सांगू?"

हे ऐकून मला तिथून हलवेना. मी तिला आमच्या गटाबद्दल सांगितलं. येताना एक जेवण, जंगलाच्या दिवसाची शिदोरी, जाताना वाटेची शिदोरी, आणि लोकांना आवडलं तर दर हिवाळ्याला असे आणखी गट. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उद्या जेवायला या म्हणाली, आधी खाऊन पाहा, मग ठरवा.

दुसऱ्या दिवशीचं ते जेवण मी विसरणार नाही. सोले वांगे (तुरीच्या ओल्या दाण्यांची वांगी घालून केलेली भाजी), जवसाची चटणी, चिंचेचं सार आणि गोळाभात (हरभऱ्याच्या डाळीचे तिखट गोळे घालून शिजवलेला भात). भातावर तुपाची धार धरायची तिथं तिनं लसूण आणि लाल मिरची तडतडवलेलं गरम तेल ओतलं. मी विचारलं, हे माझ्यासाठी केलंत का? तर म्हणाली, नाही, गोळाभातावर आमच्याकडे तेलच घेतात. म्हणजे मी ज्यासाठी गावभर फिरत होते ते इथल्या ताटात आधीपासूनच होतं, फक्त त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. रऊफभाईंनी दोनदा भात घेतला आणि दुधाचा विषय पुन्हा काढला नाही.

मी तिथूनच वंदनाला फोन लावला आणि ठरलं म्हणून सांगितलं. माझी परतीची गाडी संध्याकाळी वर्ध्याहून होती. निघताना शोभाताईंनी फडक्यात बांधलेलं पुडकं माझ्या हातात दिलं. वाटेसाठी, म्हणाल्या. उघडून पाहिलं तर लुसलुशीत दशम्या.

दशमी कशात भिजवतात हे आपल्यापैकी कोणालाही सांगायला नको. तरी मी विचारलं. त्या कौतुकानं म्हणाल्या, सकाळीच ताजं दूध आणलं होतं.

मी पुडकं बाकावर ठेवलं आणि त्यांना सांगितलं. त्या आधी गोंधळल्या. "थे दूध खायाचं थोडंच हाय बाई," त्या म्हणाल्या. "थे तं पिठाले असते." त्यांच्या लेखी ते खरंच होतं. ताटातलं दूध वेगळं आणि पिठातलं दूध वेगळं. पाण्यात भिजवलेलं अन्न खरकटं, ते वाटेवर द्यायचं नाही. दुधात भिजवलं की सोवळं. त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलं होतं की पाण्याची भाकर घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत अडथळा येतो. धनी कुठंही गावाला गेले तरी जन्मभर त्यांनी दशमीच बांधून दिली होती. मला त्यांनी पाहुणी म्हणून नाही, घरचं माणूस म्हणून दिली होती. वाईट मला त्याचंच वाटलं.

ही गोष्ट वंदनापासून लपवावी, असं क्षणभर मनात आलं. पण आमच्या गटातल्या एका मुलीला दुधानं अंगावर गांधी उठतात, श्वास अडतो, तिच्या जिवाशी खेळ नको. मी पुन्हा फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. वंदनाचा आवाज लगेच बदलला. पिठात दूध असेल तर रश्श्यात काय असेल, कोणाला माहीत, ती म्हणाली. तिचा प्रश्न रास्त होता. तू घरी ये, मग बघू, एवढ्यावर तिनं ठेवून दिलं. शोभाताई शेजारीच उभ्या होत्या. माझी एकच बाजू ऐकून त्यांना सगळं कळलं. त्यांनी दशम्या रऊफभाईंना दिल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

मला बस धरायची होती. मी निघाले. बसथांब्यावर रऊफभाई माझी बॅग धरून उभे होते. बस लांबून दिसायला लागली तेव्हा शोभाताई येताना दिसल्या. धावत नव्हत्या, पण त्यांच्या वयाला झेपेल तितक्या झपझप येत होत्या. हातात दुसरं पुडकं होतं, अजून गरम.

"पाण्याची हाय," त्या म्हणाल्या. "भाकर अन् चटणी. आजपर्यंत कोणाले वाटंवर देली नाई, तुमालेच देऊन राह्यली. पोचल्या की फोन करा. भुलू नका."

बस सुटल्यावर खिडकीतून पाहिलं तर त्या तिथंच उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी होती ती खानावळीची नव्हती. तिचा विचार त्यांनी त्या घडीला केलाच नसावा. आपण काहीतरी करू नये ते केलंय आणि त्याचं फळ या बाईला वाटेत मिळेल की काय, अशी ती काळजी होती. मी मात्र आयुष्यभर लोकांना रीत मोडायला सांगत आले. जावेला, नवऱ्याला, हॉटेलवाल्यांना. रीत मोडणाऱ्याला आतून काय लागतं, ते त्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दिसलं.

भाकरी मी गाडीत खाल्ली. कडा थोड्या वाळल्या होत्या, चटणीचं तेल तिच्यात मुरलं होतं. शेजारच्या बाईंनी एक तुकडा मागून घेतला आणि कुठली म्हणून विचारलं. गाडी अकोल्याला बराच वेळ थांबून राहिली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मलाही शोभाताईंच्या सासूचं म्हणणं आठवलं. पण ती सुटली आणि सकाळी नाशिकला पोचले.

वंदना मला न्यायला स्टेशनवर आली होती. घरी जाईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. तिनं उरलेली चतकोर भाकरी मागितली आणि गाडी चालवता चालवता खाल्ली. मग म्हणाली, जी बाई आपल्यासाठी एवढं मोडते, ती रश्श्यात दूध घालणार नाही. त्या मुलीसाठी भांडी वेगळी ठेवायला सांग, मी स्वतः एकदा बोलते, आणि तारखा विचार.

चहा टाकायच्या आधी मी कळंबला फोन लावला. दुसरी रिंगही पुरी झाली नाही. तारखांचं सांगणार होते, गटाचं सांगणार होते, पण शोभाताईंनी ते काही विचारलं नाही.

"पोचल्या?"

"पोचले. अगदी सुखरूप."

पलीकडून त्यांनी सोडलेला श्वास ऐकू आला.

"मंग पाण्याच्या भाकरीनं बी माणूस घरी पोचते," त्या म्हणाल्या.