दारात गाडी येणारं हॉटेल

आमच्या ऑफिसात तिकिटं कमी फाटतात आणि किस्से जास्त. ऑफिस म्हणजे मार्गासनीच्या रस्त्यावर, खतांच्या दुकानाशेजारचा गाळा. एक कॉम्प्युटर, काही खुर्च्या आणि कुठंही जायचं नसलं तरी चहाला येऊन बसणारी मंडळी. मी सहलींचं बुकिंग बघते, माझे धाकटे दीर बाळूभाऊजी गाड्या बघतात. अष्टविनायक, कोकण, बालाजी असं करत करत मागच्या वर्षी आम्ही युरोपपर्यंत पोचलो. त्या सहलीत व्हेनिस होतं. तिथं रस्त्यांच्या जागी पाण्याचे कालवे आहेत आणि गावात गाडी म्हणून नाही. त्या एका गावातल्या एका हॉटेलानं जेवढा वैताग आणि जेवढे किस्से दिले, तेवढे अख्ख्या अष्टविनायकानं दिले नाहीत!

*

हॉटेल बघायचं म्हटलं की बाळूभाऊजींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पार्किंग आहे का? मी सांगितलं, की तिथं गाड्याच नाहीत. ते म्हणाले, विचारायला काय जातंय. मग विचारलं. हॉटेलवाल्याचं फार नम्र उत्तर आलं, की आमच्या दारासमोर फक्त पाणी आहे.

भाऊजींनी ते दोनदा वाचायला लावलं आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, पानी कधी उतरतंय ते इचारून घ्या. आपल्याला जायाला अजून टाइम हाय."

*

गायकवाड सर भूगोल शिकवून रिटायर झालेले. व्हेनिसवर ते असे बोलायचे, जणू तिथल्या शाळेत त्यांची बदली झाली होती. त्यांची अट एकच, खिडकीतून कालवा दिसला पाहिजे. त्यासाठी हॉटेल गावाच्या पार पोटात असलं, सामान घेऊन पुलांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तरी चालेल. व्ह्यू पाहिजे!

त्या दिवशी विंझरचे तात्या बसले होते. आमच्याकडं पानशेत धरणावर पुण्याची माणसं पाणी दिसावं म्हणून शनिवार-रविवारी जादा भाडं मोजतात, हे सर कौतुकानं सांगत होते. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्या सासऱ्याचं शेत हाय त्या पान्याखाली, सर. व्ह्यू लई झ्याक दिसतो. शेत तेवढं दिसत न्हाई."

सर म्हणाले, विषयांतर नको.

*

या सहलीतलं खरं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. तात्यांना युरोप बघायचाच होता. छातीत स्टेंट बसल्यापासून त्यांनी तो धोशाच लावला होता. म्हणायचे, आता नाही तर कधी? पण बायकोशिवाय, म्हणजे आमच्या काकींशिवाय, ते घराबाहेर जेवायलाही जात नाहीत, आणि काकींनी ऑफिसात येऊन अट घातली.

"हाटेल कसलंबी चालंल, शीतल. पर दारात गाडी आली पायजे."

मी फोटो दाखवले, नकाशा दाखवला. तिथल्या महापौराच्या दारातसुद्धा गाडी येत नाही, हे सांगितलं. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग तुमी जा सगळी. आमी न्हाई.

काकी गेल्यावर ऑफिसात जी चर्चा झाली ती आपल्या परंपरेला धरूनच झाली. कुणी म्हणालं, काकींना आता पायी चालणं कमीपणाचं वाटतं. भाऊजी म्हणाले, पोरानं नवी गाडी घेतली ना, तिचा हा परिणाम. नवी गाडी काकींनी अजून शेण्या वाहायलाच वापरली होती, पण ते कोण लक्षात घेतो!

*

मग मी तोडगा काढला, की व्हेनिसच्या अलीकडं जमिनीवर गाव आहे, तिथं गाड्या येतात, मुक्काम तिथं करू आणि रेल्वेनं जाऊन-येऊन करू. सर खुर्चीतून उठलेच. तोरणा किल्ला बघायला आलेल्या माणसानं हायवेजवळच्या नसरापुरात मुक्काम केल्यासारखं आहे म्हणाले. बाकीच्यांनाही ते पटलं. सर तसे बरोबर होते, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

*

एका दुपारी तात्या एकटेच आले. खुर्ची ओढून बसले आणि काकींच्या अटीचं कारण सांगितलं.

काकींचं माहेर पानशेत धरणाच्या पलीकडच्या काठावर. तेव्हा तिकडं रस्ता नव्हता, जायचं-यायचं ते लाँचनं. तिथली रीत अशी, की काठावर उभं राहून कापड हलवायचं, हाका मारायच्या, की लाँचवाला नाव इकडं वळवतो. काकींच्या लग्नाआधी एकदा त्यांच्या आईच्या छातीत कळ आली. माणसांनी तिला झोळीत घालून काठावर आणलं. लाँच पलीकडं उभी होती, पण लाँचवाला जत्रेला गेला होता. काकींनी आईचंच लुगडं घेतलं आणि दुपारपासून हलवत राहिल्या. दिवेलागणीला लाँच आली, तेव्हा तिची गरज उरली नव्हती.

"आता माझ्या छातीत हे बसवल्यालं," तात्या म्हणाले. "ती म्हनती, पान्याच्या गावात मी पुन्यांदा लुगडं हलवनार न्हाई."

मला फार वाईट वाटलं. राग पण आला, कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. चहा मागवला, तो दोघांनीही तसाच ठेवला.

*

तर मंडळी, त्या पाण्याच्या गावालाही एक एसटी स्टँड आहे! गावाच्या अगदी कडेला, पूल संपतो तिथं. गाड्या तिथपर्यंत येतात आणि माघारी वळतात. त्याच्याशेजारचं हॉटेल मी धरलं. काकींनी फोटोतली बस नीट बघितली, दार बघितलं, त्या दोहोंमधलं अंतर बघितलं आणि पासपोर्टला फोटो काढायला गेल्या.

आमच्या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की मुक्काम स्टँडजवळ करावा. ते सांगणाऱ्यांपैकी कुणी व्हेनिसला गेलेलं नव्हतं, एवढंच.

*

पोचल्यावर सरांनी खोलीचा पडदा उघडला. समोर गाड्या ठेवायची भलीमोठी, मजल्यांवर मजले असलेली इमारत! सर खाली आले आणि मला म्हणाले, "युरोपात येऊन मी पार्किंग बघतोय." बाळूभाऊजी मात्र खूश. त्यांनी चालत जाऊन ती सगळी इमारत बघितली आणि जेवताना तिचंच वर्णन केलं.

रुसलेले सर संध्याकाळी एकटेच कालवा बघायला निघाले आणि हरवले. भूगोलाचा माणूस, त्यामुळं कुणाला विचारलं नाही. फिरून फिरून त्याच चौकात आले. शेवटी भाऊजींनी त्यांना शोधून आणलं. सरांची तक्रार एकच होती: "रिक्षा नाही, एसटी नाही. माणसानं भांडायचं कुणाशी?"

*

दुसऱ्या दिवशी सगळे आत गावात निघालो. काकी प्रत्येक पुलावर थांबून मागं बघायच्या. स्टँड दिसेनासा झाला तशी त्यांनी तात्यांचा हात धरला, तो सोडेचनात. एका कालव्याच्या कडेला आम्ही दमून बसलो. तात्यांना थोडी धाप लागली होती. काकी एकदा त्यांच्याकडं बघत होत्या, एकदा पाण्याकडं. आता या परत फिरायला लावणार, अशी मला खात्री होती.

तेवढ्यात सायरन वाजला. आम्ही सगळे सवयीनं रस्ता कुठंय ते बघायला लागलो. आला तो आवाज पाण्यावरून! ॲम्ब्युलन्सची एक लाँच सुसाट आली. बाकीच्या नावा भिंतींना चिकटल्या. आमच्या समोरच्याच दाराशी ती थांबली, माणसं उड्या मारून आत गेली, आणि एका म्हातारीला खुर्चीत बसवून घेऊन आली. म्हातारी शुद्धीवर होती, कुणाला तरी रागावत होती. तिला लाँचमध्ये घेतलं आणि लाँच गेली. दार उघडंच राहिलं.

काकी उभ्या राहिल्या होत्या. तात्यांचा हात त्यांनी कधी सोडला, मला कळलं नाही. पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग डोळे पुसले, पदर खोचला आणि माझ्यावर चिडल्या.

"हाटेल हितंच आत घ्यायचं व्हतं की, शीतल. उगा त्या सरांना गाड्या बघाय लावल्या."